गिळलेली टोकं

"ताई, आज माइक तुझा! एकटीचा!" धाकटीनं आवाज घुमू नये म्हणून रजया टांगलेल्या खोलीत तिला जवळजवळ ढकललंच. उद्या ताईच्या गळ्याचं ऑपरेशन. गाठीबरोबर आवाजही जाणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

जगाच्या लेखी या घरात गाणारी एकच, धाकटी! पण रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज भरीव वाटावा म्हणून तिच्या आवाजाखाली तीच ओळ दुसऱ्यांदा गायची ताई. तिच्याच ढंगात, तिच्याच श्वासावर, कारण धाकटीला एक ओळ दोनदा सारखी गाता येत नसे. फोटो धाकटीचा, कौतुक धाकटीचं. ताईचं नाव? कुठंच नाही! आणि ताईनंही कधी तक्रारीचा चकार शब्द काढला नाही.

घरीच दोघींचं रेकॉर्डिंग करणाऱ्या भावानं हेडफोन चढवले. वर्षानुवर्षं उराशी जपलेलं ते आर्त गाणं ताई जीव ओतून गायली... आणि भावाचा चेहरा उतरला.

"ताई, शब्द पुरा कर ना. 'वाट' म्हण. तू 'वा' म्हणतेस."

"पुरा केला की रे!"

त्यानं ऐकवलं. 'वाट'चं 'वा', 'हात'चं 'हा'... प्रत्येक ओळ टोकाला तुटलेली! दोन आवाजांतले 'ट' नि 'त' मागेपुढे पडले की खडखडतं, म्हणून दुसरीनं शेवटचं अक्षर गिळायचं, हे त्यानंच तर शिकवलं होतं.

ताई पुन्हा गायली. पुन्हा. अक्षर सांभाळलं की सूर मरे, सूर लागला की अक्षर गळे... शेवटी गळाच बसला.

धाकटीनं तिचे पाय धरले. "मी खाल्ला गं तुझा आवाज! मी!"

"रडू नकोस, घसा बसेल," ताई कशीबशी कुजबुजली. "ऊठ. टोकं तू म्हण."

भावानं ताईचा ट्रॅक लावला. धाकटी माइकपुढे उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा दुसरी! पण तिचा 'ट' आधी पडला, मग उशिरा. ताईनं तिचा हात हाती घेतला, अक्षर नेमकं कधी टाकायचं ते बोटानं दाबून दाखवलं, इथं... इथं...

"जुळत नाहीये गं, ताई!" धाकटी हुंदके देत म्हणाली.

ताईनं भावाला खूण केली, पुन्हा लाव. तिची बोटं दाबत राहिली, आणि धाकटीची अक्षरं तिच्या ओळीमागून धडपडत, उशिरा येत राहिली...