भीमपलासीचा अंतरा

२००६ सालच्या जानेवारीत अवनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी रत्नागिरीहून पावसची एसटी पकडायला लागली. रत्नागिरीत ती संगणकाचे वर्ग घ्यायची. पावसला लीलाताई राहायच्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डावा पावसाळ्यापर्यंत तरी टिकेल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

त्यांच्याकडे दोनशे अठरा कॅसेटी होत्या आणि सतरा वह्या. कॅसेटींत त्यांच्या स्वतःच्या बैठकी, देवळांतल्या उत्सवांतल्या, घरांतल्या. वह्यांत त्याच चिजा, त्यांनी स्वतःच्या हाताने स्वरांसकट उतरवलेल्या. हे सगळं अवनीने संगणकावर चढवायचं होतं.

"मला दिसेनासं झाल्यावर वही उघडून काय करू गो?" पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "गाणं लावलं की त्याचं पान शेजारी उघडलं पाहिजे. समोर जो कोण बसला असेल तो मला वाचून दाखवील."

अवनीने आधी सगळं फोल्डरांत लावून पाहिलं, पण गाणी एकीकडे आणि पानं दुसरीकडे अशी फाटाफूट व्हायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की गाण्यांची यादी ठेवणारा प्रोग्राम स्कॅन केलेल्या पानाची पीडीएफसुद्धा त्याच यादीत घेतो. तिने प्रत्येक गाण्याच्या ओळीखाली त्याच्या पानाची ओळ बसवली. राग, ताल, गाव, साल असे रकाने केले.

कॅसेटींवर नावं नव्हती. टेपची वायर संगणकाला जोडून अवनी बटण दाबायची, आणि तंबोरा नीट सुरूही झालेला नसताना लीलाताई सांगायच्या, "पूर्णगड. अठ्ठ्याहत्तर. पेटीवर धोंडूअण्णा. मागे समुद्र ऐकू येतोय बघ." अवनी आवाज वाढवायची, तर खरोखरच मागे गाज असायची. पहिले काही दिवस ती मुद्दाम कॅसेटी उलटसुलट लावत होती. लीलाताई एकदाही चुकल्या नाहीत. मग तिने परीक्षा घेणं सोडलं आणि नुसती लिहून घेऊ लागली.

तिसऱ्या आठवड्यात, एका यमनच्या पानावर तिला लाल गोल दिसला. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीतल्या वरच्या सा भोवती. शेजारी बारीक अक्षरात एक शब्द: चढा.

तिने वही उघडली. कागदावर फक्त निळी शाई. तिने स्कॅनरची काच पुसली, पान पुन्हा घेतलं. ते स्वच्छ आलं. यादीत गाण्याखाली बसवलं, तरी स्वच्छ. गाणं शेवटपर्यंत वाजलं आणि तिने पान उघडलं, तर गोल जागच्या जागी होता.

"ताई, तुम्ही लाल पेन्सिलीने कधी काही लिहायचात?"

लीलाताईंनी डावा डोळा पडद्याला जवळजवळ टेकवला. 

"हे यमुनाबाईंचं अक्षर," त्या म्हणाल्या.

यमुनाबाई म्हणजे त्यांच्या गुरू. एकाहत्तर साली गेलेल्या. यमनची ही वही लीलाताईंनी त्यानंतर चार वर्षांनी लिहिली होती आणि गाणं त्याच्याही पुढचं.

"लाव ते गाणं."

अवनीने लावलं. अंतऱ्याची दुसरी ओळ आली तशी लीलाताईंनी हात वर केला. "परत." तीनदा ऐकलं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"सा चढाच लागलाय, जागेपेक्षा वर. तीस वर्षांत एकाने सांगितलं नाही. मलासुद्धा कळलं नाही. काय कान होता गो त्या बाईचा! विळीवर बसून नारळ खवता खवता शिकवायच्या. स्वर हलला की त्यांचा हात थांबायचा, बस्स. बोलायच्या नाहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती अवनीला वाटली. दुसऱ्या दिवशी तिने ती फाइल मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात छापून घेतली. लाल गोल कागदावरही आला. दुकानदाराने विचारलं, "शाळेची वही काय हो?"

फेब्रुवारी संपेपर्यंत साठेक पानं तपासून झाली होती. क्रम कधी बदलला नाही. गाणं पुरतं ऐकलं जायचं, मगच खूण उमटायची, आणि खूण नेहमी बरोबर असायची. कुठे 'घाई', कुठे 'श्वास', दोनच ठिकाणी 'बरं'. त्या दोन पानांच्या दिवशी लीलाताईंनी अवनीला केळीच्या पानावर जेवायला वाढलं.

त्या पहाटे उठून रियाज करू लागल्या होत्या. एकेक चूक सुधारून घेत होत्या. अवनीला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण आवाज उजळत चाललेला तिलाही ऐकू येत होता. नजर मात्र उतरत होती. मार्चमध्ये त्या चहाचा कप चाचपून घेऊ लागल्या.

शेवटच्या वहीत शेवटचं पान भीमपलासीचं होतं. वर अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग; खाली अंतऱ्याचं अर्धं पान कोरं.

"यमुनाबाईंनी अस्ताई दिली आणि म्हणाल्या, अंतरा घ्यायला गुरुवारी ये. बुधवारी गेल्या." लीलाताई म्हणाल्या. "ही मी कधी गायले नाही. अर्धी कशी गाणार?"

"मग हिच्या शेजारी लावायला गाणंच नाही."

"आहे. मी आत्ता म्हणते. तू घे."

माइक लावून अवनीने नुसती अस्ताई घेतली. पानाच्या वरच्या ओळीत बसवली, शेवटपर्यंत वाजवली. मग पान उघडलं.

कोऱ्या अर्ध्या पानावर चार लाल ओळी होत्या. स्वरांसकट.

लीलाताईंना त्या आता दिसत नव्हत्या. अवनीने एकेक अक्षर वाचलं आणि लीलाताई ते ओठांतल्या ओठांत बसवत गेल्या. पुढचे तीन दिवस त्या तेवढंच घोकत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी चारला त्या तंबोरा घेऊन बसल्या आणि अवनीने रेकॉर्डिंग सुरू केलं. अस्ताई झाली, अंतरा झाला. मग त्या थांबल्या. मान किंचित वळवली, "हो" म्हणाल्या आणि तोच अंतरा पुन्हा गायल्या. दुसऱ्यांदा गाताना त्यांचा आवाज असा लागला की अवनीला माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवावा लागला.

"झालं," लीलाताई म्हणाल्या. "आता डोळ्यांचं काही वाटत नाही."

अवनीने फाइल पेनड्राइव्हवर घेतली. शनिवारी सकाळी, वर्गात विद्यार्थी यायच्या आधी, तिची सीडी करायला बसली. रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं होतं, हे तिला चांगलं आठवत होतं. यादीत बारा दिसत होती.

तिने हेडफोन लावले.

अस्ताई. अंतरा. मग तंबोरा नुसता वाजत राहिला. लांब कुठेतरी कावळा.

"पुन्हा." म्हाताऱ्या बाईचा आवाज. कोरडा, अगदी जवळचा.

"हो," लीलाताई म्हणाल्या आणि गायल्या.

अंतरा संपला. इथेच अवनीने बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं होतं. फाइलीत मात्र तंबोरा वाजतच होता.

"चांगलं," तो आवाज म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आता हिला म्हणू दे."

अवनी आदल्या दिवशी संगणकापाशी तोंड मिटून बसली होती. ती जन्मात कुणासमोर गायली नव्हती.

खुर्ची करकरली. कुणीतरी श्वास भरून घेतला.

मग अंतरा सुरू झाला. आवाज अवनीचा होता, आणि सुरेल होता.