घाट बंद, लेक पलीकडे

लेकीच्या बाळंतपणाआधी शोभनाकाकूंना म्यूलबेलला पोहोचायचंच होतं. कोलोरॅडोतलं हे चाळीस उंबऱ्यांचं गाव दोन घाटांच्या ओंजळीत वसलेलं. आधी खेचरांचा तळ, मग खाणीच्या गाडीचं स्टेशन, आता ट्रकवाल्यांचा कॉफीचा थांबा. वाट वाहती तर गाव बोलकं, वाट बुजली की गाव मुकं! हिमकडा कोसळून रस्ता तीन दिवस बंद होता. गावात लेकीजवळ, केयाजवळ, नर्स होती; आई नव्हती.

म्हणून दूरच्या नेपरव्हिलहून आलेले काका-काकू पायांना बर्फात न रुतणारे रुंद स्नोशूज बांधून जुन्या खेचरवाटेनं निघाले. पुढे केयाची मैत्रीण अनिका, बर्फातल्या बचावपथकातली.

"तो उघडा उतार अकराच्या आत क्रॉस करायचा, काकू. ऊन चढलं की बर्फ सुटतो. आणि मी परत म्हटलं की परत! ओके?"

उताराच्या तोंडाशीच काकू मटकन खाली बसल्या. ओठ पांढरेफटक.

"सकाळी काय खाल्लंस?" गुरुनाथकाकांनी विचारलं.

"आज संकष्टी आहे."

"आणि इतक्या उंचीवर उपाशी?"

"उपाशी कसली! खिचडी आणलीय की." त्यांनी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातून डबा काढला. साबुदाण्याचा दगड झालेला! चमचा वाकला, दाणा हलेना.

अनिकानं ओट्सचा बार पुढे केला. "ईट धिस, नाहीतर परत."

"ओट्स उपासाला चालत नाहीत गं. केयाच्या सुटकेसाठी धरलाय."

काका बर्फात गुडघे टेकून बसले. "शोभे, गणपतीची समजूत मी घालतो. केयाची कशी घालू?"

काकूंनी डोळे मिटले आणि बारचा तुकडा मोडला.

दहा पन्नास. एकेक जण! अनिका पार. मग काकू. पाऊल. श्वास. पाऊल. वरून बर्फाची भुरभुर गळू लागली.

"डोंट स्टॉप, काकू!"

त्या थांबल्या नाहीत. शेवटी काका निघाले. त्यांनी पलीकडच्या खडकाला हात लावला आणि पाठीमागे अख्खा उतार गडगडत दरीत गेला!

काकूंनी काकांची टोपी सरळ केली.

खाली गावात, धुरांड्यांतला धूर निवांत वर चढत होता. दारात केया, एक हात चौकटीवर.

"आई! आर यू क्रेझी?"

"हो. कळा कधीपासून?"

केयानं आईचं मनगट गच्च धरलं. "पहाटेपासून. फोनवर सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस."

"मग आता काय पालखीतून आले?" म्हणत काकूंनी तिच्या कमरेला हात घातला आणि बर्फानं भरलेल्या बुटांनिशीच तिला आत नेलं.