भरडीवरचा ताप

दुर्वाच्या घरी चार माणसं. चौघांचं पाणी एकाच विहिरीचं, जेवण एकाच पातेल्यातलं. मग ताप एकट्या आईलाच का आला?

धामणवाडीतल्या आणखी तीन बायकांना तसाच ताप होता. चौघींना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बाबा रोज संध्याकाळी आईला भेटायला जात. दुर्वा मात्र जात नव्हती.

तापाचं मूळ शोधायला डॉ. फिलोमिना बारदेस्कर आल्या होत्या. नवा रोग कुठून येतो, कसा पसरतो, हे शोधणं त्यांचं काम. सोबत सहा पायांचा यंत्रमानव होता. मुलांनी त्याचं नाव ठेवलं कुर्ली (खेकडी).

"आईकडे का जात नाहीस गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला सर्दी झाली होती," दुर्वा हळूच म्हणाली. "तरी मी तिच्या कुशीत झोपले. माझ्यामुळेच ती आजारी पडली."

डॉक्टर तिच्याशेजारी पायरीवर टेकल्या. "बाकीच्या तिघींच्याही कुशीत झोपली होतीस?"

"त्या तिघींतली सखूआजी तर केवढी घोरते! तिच्या कुशीत कोण झोपेल?"

"मग मला काही तसं वाटत नाही. पण नुसतं वाटून चालत नाही, बाय. शोधायला हवं. येतेस मदतीला?"

असे ताप पुष्कळदा जंगलातून येतात, म्हणून त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "सखूआजी, आजारी पडायच्या आधी जंगलात गेला होतात?"

"जंगलात कित्याक (कशाला) जातलव, गो बाय? थंय गवे असतत!"

चौघींचं उत्तर तेच. डॉक्टर कोड्यात पडल्या. "दुर्वा, चौघींनी मिळून कुठलं काम केलं होतं?"

"पातेरा (झाडांखालचा वाळका पाला) गोळा केला. काजूंच्या बुंध्याशी घालायला. भरडीवरून (गावाजवळच्या उंच जमिनीवरून) आणला."

"भरडीवर झाडं आहेत?"

"खूप! माकडंसुद्धा."

"अगं, मग ते जंगलच की!"

"छे! ती आमची भरड. जंगल नदीपलीकडे."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "चूक माझीच. मी माझ्या शब्दांत विचारलं, तुमच्या नाही."

उंच बूट घालून, विजार मोज्यांत खोचून दोघी भरडीवर गेल्या. कुर्ली एक पांढरं फडकं पाल्यावरून ओढत चालली. थोड्या वेळाने फडक्यावर तिळाएवढे ठिपके दिसले. ठिपके चालत होते!

"गोचिडीची पिल्लं. एकोणीस," कुर्ली म्हणाली. "विसावं दुर्वाच्या बुटावर."

दुर्वा किंचाळली. डॉक्टरांनी ते चिमट्याने उचलून बाटलीत टाकलं.

"गोचीड माकडाचं, उंदराचं रक्त पिते. त्यांच्या अंगात विषाणू (डोळ्यांना न दिसणारा रोगाचा सूक्ष्म कण) असेल, तर तो गोचिडीत येतो. पुढे ती माणसाला चावली की माणसात."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"थांब. आधी विषाणू जुळला पाहिजे."

प्रत्येक विषाणूची आतली रचना वेगळी असते, जसे प्रत्येकाच्या बोटांचे ठसे. प्रयोगशाळेत गोचिडीतला विषाणू आणि चौघींच्या रक्तातला विषाणू शेजारी शेजारी ठेवून तपासले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

"जुळले," डॉक्टर म्हणाल्या. "तुझ्या सर्दीचा विषाणू निराळाच. आईला ताप भरडीवर लागला."

"नक्की?"

"आता नक्की."

त्याच दिवशी वाडीत ठरलं, की पातेरा आणायच्या आधी कुर्लीने भरड तपासायची, अंगभर कपडे घालून, गोचीड पळवणारं तेल लावून जायचं, आल्यावर अंघोळ करून अंग नीट बघायचं. लस करायचं कामही प्रयोगशाळेत सुरू झालं. चौघीच आजारी असताना मूळ सापडलं, म्हणून पुढच्या चाळीस जणी वाचतील, असं डॉक्टर म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांच्या आधीच दुर्वा चप्पल घालून उभी होती.

दवाखान्यात आई उशीला टेकून बसली होती. "इतके दिवस खंय होतंस गो?" तिने विचारलं.

दुर्वा खाटेशी गेली. आई भिंतीकडे सरकली. खाटेवर दुर्वापुरती जागा झाली.