गळ्याचं बटण

"अहो! ते कपडे आमचे आहेत!"

समोरच्या खिडकीतला माणूस दचकला. त्याच्या हातात आमची दोरी होती आणि दोरीवरून मावशीचे अभ्रे, माझे मोजे, माझा निळा फ्रॉक, अशी सगळी वरात त्याच्या खिडकीपाशी जाऊन थडकली होती.

"वाटलंच," तो म्हणाला. "हा फ्रॉक मला दंडात घट्ट होईल."

मला हसू आलं... पण इतक्या लवकर दाखवते कशाला?

आमच्या गल्लीत एका दोरीवर दोन घरं वाळत घालतात. इकडे एक कप्पी, समोरच्या इमारतीत दुसरी, मधे फिरती दोरी. ओढण्याआधी "ओढतेय!" अशी हाक द्यायची, ही मावशीच्या तरुणपणापासूनची रीत. नव्या भाडेकरूला ती कोणी सांगितलीच नव्हती. मग मीच शिकवली.

तो कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भाजायचा आणि दुपारी घरी यायचा. मी खिडकीत बसून शिंप्यांची काज-बटणं करायची. एकदा त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं, तेव्हा शर्ट इकडे ओढून मी लावून दिलं. संध्याकाळी दोरीवरून पिशवीत गरम पाव आला. पुढच्या आठवड्यात कफाचं बटण गेलं, मग खिशाचं.

बटण तुटलं की दोरे लोंबतात. याचे दोरे कात्रीने सरळ कापलेले! माझं पोट बटणांवर चालतं, मला कळणार नाही होय? पण मी गप्प बसले. मला तो शर्ट आवडायला लागला होता. खोटं कशाला बोलू — शर्टातला माणूस.

मग एका दुपारी तो खिडकीत उतरल्या चेहऱ्याने आला. "घरमालक खिडक्यांना काच बसवतोय. न उघडणारी... उद्याच."

"मग दोरी?"

"काढावी लागेल."

"बरं," मी म्हणाले. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, नेमकी तेव्हाच टाळ्याला चिकटली.

"सुईत दोरा ओवायला तुला चष्मा लागत नाही," मावशी म्हणाली, "आणि एवढा मोठा माणूस दिसत नाही?"

"दिसतो गं! पण त्याने बोलायला नको?"

"त्या बिचाऱ्याने शर्टाची चाळण करून घेतली. अजून काय बोलायचं?"

संध्याकाळी हाक आली. "ओढतोय!" शेवटचा शर्ट आला, त्याला एकही बटण नव्हतं.

"सगळीच तुटली?"

"वारा... फार होता."

"मग हा परत कसा पाठवू?"

तो बराच वेळ दोरीशी चाळा करत राहिला. "राहू दे... तुमच्याकडेच," म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी समोर काच बसली. तो काही दिसेना. काचेत मीच दिसत होते, मांडीवर शर्ट घेऊन बसलेली, आणि अगदी मूर्ख दिसत होते. पाऊस भुरभुरत होता. मी शर्ट पाठीमागे वगैरे काही न लपवता सरळ हातात घेतला आणि जिना उतरले.

गल्लीच्या मधोमध तो समोरून येताना दिसला. आजवर मी त्याला कमरेपर्यंतच पाहिलं होतं! चांगला उंच होता. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, घाईत घातलेल्या. ते बघून मला धीर आला.

"झाला... शर्ट?"

"गळ्याचं बटण राहिलंय. ते अंगावर घालूनच लावावं लागतं."

"असं असतं?"

"नसतं," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. म्हणून राहिलंय."

तो नुसता कानापर्यंत लाल झाला. मग त्याने खिशात हात घातला आणि माझ्या ओंजळीत मूठभर बटणं ओतली, त्याने कापलेली, एकूण एक जपून ठेवलेली.

"यातलं कुठलं चालेल, बघ ना..." तो हळूच म्हणाला.

मी एक एक बटण निरखत राहिले. घाई कोणाला होती?

वरून आमची खिडकी उघडली.

"अरे, भिजताय कशाला?" मावशी ओरडली. "ओढू का दोघांना वर?"