मांडवावरच्या ताडपत्र्या

"ताडपत्र्या गेल्या कुठं?" रिंकी ओरडली.

पिंपरटोल्याच्या धान खरेदी केंद्रातल्या शेडमध्ये काल संध्याकाळपर्यंत निळ्या ताडपत्र्यांची ही मोठी थप्पी होती. आज तिथं एक कुत्रं ऐसपैस झोपलं होतं! बाहेर आवारात उन्हाळी धानाचे ढीग ओळीनं उघडे पडले होते. पोत्यांचा बारदाना आला नव्हता म्हणून वजनाचा काटा बंद, आणि काटा बंद म्हणून अख्ख्या गावाचं धान आभाळाखाली.

सगळ्यात शेवटी, बोडीकडच्या म्हणजे तळ्याकडच्या उतारावर, रिंकीच्या आईचा ढीग होता. दुलारीकाकू एकट्या ठेक्याच्या जमिनीत राबायच्या. हे धान विकलं की रिंकी गोंदियाला जाणार होती, वसतिगृहात राहून आचलच्या शाळेत आठवीला. आचल दर सुटीत मामाकडे पिंपरटोल्याला यायची आणि दोघींचं गूळपीठ इतकं, की वर्गात कुठला बाक धरायचा तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"शिवलालकाका, ताडपत्र्या?" आचलचा मामेभाऊ धर्मेंद्र यानं चौकीदाराला गाठलं.

"धुवाले नेल्या."

"ताडपत्री कोन धुते गा?"

"तुमाले काय कराचं हाय? लगनाले या, जेवा, खेळा!" म्हणत शिवलालनं काढता पाय घेतला. लग्न होतं खरेदी केंद्राचे व्यवस्थापक केशोराव यांच्या पुतण्याचं, आणि सारं गाव दुपारी तिथंच जेवणार होतं.

"आन् पाऊस आला त?" रिंकीनं विचारलं.

"मी आहे ना!" आचलनं ऐटीत फोन काढला. जवळच्या बिरसीच्या विमानतळावरून दर अर्ध्या तासाला वैमानिकांसाठी हवामानाची एक ओळ निघते, नुसती अक्षरं आणि आकडे. धर्मेंद्रची मोठी बहीण टीनाताई नागपूरला हवामान शिकत होती. तिनं गेल्याच आठवड्यात पोरांना ती ओळ वाचायला शिकवली होती. "हे पाच आकडे म्हणजे वारा. आधीचे तीन दिशेचे, पुढचे दोन वेगाचे. मग किती लांबवर दिसतं ते, मग ढग. ढगाला 'सीबी' चिकटलं की समज, गडगडाटी वादळाचा ढग! आत्ता काहीच नाही. चला!"

या विद्येचा आचलला जरा जास्तच गर्व चढला होता. विचारा किंवा विचारू नका, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वारा सांगत सुटायची.

दुपारी मांडवात पंगत बसली. बाहेर उन्हाचा नुसता वणवा, आत मात्र गारेगार सावली. धर्मेंद्रनं मठ्ठ्याचा चौथा पेला तोंडाला लावला, मान वर केली आणि तशीच ठेवली.

"अरे बापा! वर पाहा!"

गुलाबी कापडाच्या फटीतून निळं काहीतरी दिसत होतं. त्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत अक्षरं: धान खरेदी केंद्र, पिंपरटोला.

"म्हंजे धुवाले नाही, लगनाले नेल्या!" रिंकी ताडकन उठली. "मी घरी जाऊन राहिली. आईनं खताच्या रिकाम्या पिशव्या शिवून मोठं पांघरूण केलं हाय. तेच टाकतो ढिगावर."

"थांब, आधी ओळ बघू." आचलनं फोन उघडला. सीबी! बिरसीच्या पश्चिमेला! पण मग तिनं ओळीच्या सुरुवातीची वेळ पाहिली. शून्य सात तीस. तिचा जीव भांड्यात पडला.

"हट्! ही तर सकाळी साडेसातची! तेव्हा असेल ढग, आता ऊन बघ केवढं. गेला तो."

"पक्कं ना?"

"शंभर टक्के! बस, बुंदी येतेय."

रिंकी बसली. तिचा आचलवर फार विश्वास होता.

बुंदी आली, वडे आले, बुंदी पुन्हा आली. आचलनं सहज पुन्हा फोन पाहिला. नवी ओळ आली होती. शून्य आठ शून्य शून्य, वाऱ्याचे आकडे भलतेच मोठे, आणि 'टीएस'. म्हणजे बिरसीवर गडगडाट सुरू!

धर्मेंद्रनं डोकावून पाहिलं. "आठची? आठ वाजता त मी छतावर पतंग उडवत होतो. एक ढग नव्हता! आन् सकाळची ओळ आत्ता कशी आली?"

आचलच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. टीनाताईनं बजावलं होतं, 'वेळेमागचं झेड विसरू नका. साऱ्या जगातल्या विमानांची ती एकच वेळ असते. आपली हवी असेल तर साडेपाच तास मिळवा.' आठ आणि साडेपाच, साडेतेरा. दुपारचा दीड! म्हणजे आत्ताच! आणि बिरसी पिंपरटोल्याच्या पश्चिमेला होती. वारा तिकडूनच येत होता.

"रिंकी, मी चुकले," आचल कशीबशी म्हणाली. "वादळ आत्ता आहे. इकडेच येतंय."

रिंकीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आईला शोधायला धावली. आचलला रडू फुटायला आलं, पण रडायला वेळ कुठं होता!

केशोराव फेटा सावरत पाहुण्यांना पान वाटत होते. "काका, वादळ येतंय! ताडपत्र्या काढा!"

"वादळ?" त्यांनी स्वतःचा फोन पुढं केला. "हे पाहा, सूर्य दाखवून राहिला! नवरदेवाले उन्हात बसवू का मी? जा, आइसक्रीम खा!"

आचल पुन्हा बोलणार तोच बँडचा आवाज बंद झाला. बँडवाल्याचा माइक धर्मेंद्रच्या हातात होता!

"मंडळी, ऐका! पाऊस येऊन राहिला! आपल्या केशोरावकाकानं सांगतलं हाय, का मांडवावर केंद्राच्या ज्या ताडपत्र्या हायेत, त्या साऱ्या आत्ताच्या आत्ता धानावर टाका! काकासाठी जोरदार टाळ्या!"

अर्ध्याअधिक पाहुण्यांचं धान आवारात उघडं पडलेलं. साऱ्या माना एकदम वर गेल्या. लोकांनी अक्षरं वाचली. मग टाळ्या अशा पडल्या की केशोरावांना पळायला वाटच उरली नाही.

"हो... हो... कायले नाही!" ते कसंनुसं हसत म्हणाले. "आधी धान, मग लगन!"

पोरं माकडांसारखी खांबांवर चढली. खुद्द नवरदेवानं सेहरा वर सारून दोर सोडला! ताडपत्र्या भरलेला ट्रॅक्टर आवारात पोचेपर्यंत पश्चिम काळी झाली होती. रस्त्याकडून एकेक ढीग झाकला जाऊ लागला. धुळीनं डोळे उघडवत नव्हते. माणसं नुसती धावत होती.

शेवटची ताडपत्री उतारावरच्या ढिगापर्यंत आली, तेव्हा वाऱ्यानं ती चौघांच्या हातातून हिसकावली आणि बोडीत नेऊन टाकली. रिंकीनं आणलेलं पिशव्यांचं पांघरूण अर्धंही उलगडलं नव्हतं, तोच पाऊस कोसळला. धान उतारावरून वाहू लागलं. आचल चिखलात पालथी पडून दोन्ही हातांनी बांध घालू पाहत होती. दाणे बोटांतून निसटत होते.

"सोड वो पोरी," दुलारीकाकू तिला उठवत म्हणाल्या. "सोड आता."

थोडं धान हाती लागलं, पण दोन दिवसांत त्याला कोंब आले. केंद्रानं ते घेतलं नाही.

पुढच्या रविवारी सरपंच प्रेमिलाताईंनी आवारातच सभा घेतली. केशोरावांनी सगळ्यांसमोर कान पकडले. रिंकीच्या आईला काही भरपाई मिळावी म्हणून अर्ज गेला होता, पण त्याचं उत्तर शाळेच्या आधी येणं कठीण होतं. मग तिन्ही पोरांना गुलाबाची फुलं मिळाली. "या लेकरांनी गावाचं धान वाचवलं!" प्रेमिलाताई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. मामांची छाती फुगली.

आचलनं माइक मागून घेतला. "एक ढीग नाही वाचला," ती म्हणाली. "रिंकी वेळेवर झाकायला निघाली होती. मी तिला बसवलं. मी वेळ चुकीची वाचली." तिनं माइक परत दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामा मान खाली घालून बसले.

सभा संपल्यावर रिंकी शेडच्या पायरीवर एकटी बसली होती. आचल जाऊन शेजारी बसली.

"माझ्यावर रागावलीस?"

"हो," रिंकी म्हणाली. "लय. अजून हाय राग."

आचलला वाटलं होतं, ती 'नाही' म्हणेल. तिनं गुडघ्यांत तोंड लपवलं.

"औंदा मी येत नाही गोंदियाले," रिंकी म्हणाली. "आईसंग धानाच्या रोवण्याले जाणार. अन् खरिपाचं धान बी इथंच येऊन पडन, उघड्यावर." तिनं हात पुढं केला. "काढ फोन. शिकव मले ती ओळ. तू जाशील, मी त इथंच हाय."

आचलनं डोळे पुसले आणि फोन तिच्या हातात दिला.

"कुठून सुरू करायचं?" रिंकीनं विचारलं.

"वेळेपासून," आचल म्हणाली.