पेटीजवळची जागा

मे महिन्यातली ती दुपार. मरोळ गावठाणातल्या घरात सेराफिना बिअरच्या जुन्या बाटल्यांत वर्षाचा मसाला ठासून भरत होती आणि तिची लेक लिओना शिंका आवरत बुचं लावत होती. शेवटची बाटली सेराफिनाने दरवर्षीसारखी बाजूला ठेवली.

"ॲश्टनची."

"मम्मी, तो येणार नाहीये."

"मला ठाऊक आहे गं. बाटलीला नाही."

येणार कसा? इंग्लंडमध्ये पाच वर्षं कामाच्या व्हिसावर काढून लिओनाच्या धाकट्या भावाने तिथे कायम राहण्याचा अर्ज केला होता. निकालाआधी देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतल्यासारखाच, आणि जुना व्हिसा तर संपूनही गेलेला... म्हणजे परतीचा दरवाजाच बंद. पपा गेले त्या वर्षी नर्स असलेल्या लिओनालाही तिकडून नोकरीचं बोलावणं आलं होतं. पण मम्मीजवळ कुणीतरी राहायला हवं होतं, आणि ते कुणी, हे तिला कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून ॲश्टन फोनवर "येऊ का गं?" म्हणाला की ती हसून म्हणे, "नको रे, मी आहे ना."

"एकदा त्याला ये म्हण ना," सेराफिना हळूच म्हणाली. "तुझं ऐकेल तो."

"आणि सगळं घालवून बसू दे? एवढी आठवण येते तर तूच सांग."

"माझ्यासाठी नाही म्हणत, बाय. तुझ्यासाठी म्हणते."

"मला काय झालंय?" असं म्हणून लिओना हात धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेराफिना उठलीच नाही...

संध्याकाळी अंगणात, पांढऱ्या फुलांमध्ये पेटी ठेवली होती. चर्चला निघण्याआधी घरच्या माणसांनी पेटीभोवती उभं राहून फोटो काढायचा, हा तिथला रिवाज.

"डोक्याकडे थोडी जागा सोडा," फोटोग्राफर म्हणाला. "मुलाला मागाहून कॉम्प्युटरवर उभा करतो. सुटातला फोटो तेवढा पाठवायला सांगा."

"झकास करतो हा, कळतसुद्धा नाही," सेराफिनाचा भाऊ क्लेमेंट म्हणाला.

लिओना सरकली. सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता ती शेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली... हातातल्या फोनवर ॲश्टन हमसून हमसून रडत होता.

"लिओना... येऊ का गं मी?"

"वेडा झालायस काय?" क्लेमेंट अंकल मध्येच बोलले. "बहीण गेली माझी, आता येऊन कुणाला भेटणार? नको सांग त्याला, लिओना."

तिच्या ओठांवर ते वर्षानुवर्षांचं, सवयीचं वाक्य आलं. "मी आहे..." एवढंच उमटलं. तिची नजर मम्मीच्या हातांवर गेली. रोझरीची माळ गुंडाळलेल्या त्या निश्चल बोटांची नखं कालच्या मसाल्याने अजून लाल होती.

"ये," लिओना म्हणाली, आणि दिवसभर कोंडलेला हुंदका त्या एका अक्षरामागून फुटला. "मम्मीसाठी नाही रे आता... माझ्यासाठी ये, ॲश. मला इथे एकटीला नाही उभं राहवत."