एका वर्षाचे डॉक्टर

पाचोडच्या आठवडी बाजारात मी बेलाची पानं निवडत होते. मागून आवाज आला, "अहो, आरोग्य केंद्राची जीप कुठं थांबते?"

वळून पाहिलं. हातात सुटकेस, बुटांना चिखल, आणि डोळे... ते मी लगेच टाळले.

"मी तिथलीच नर्स, प्रेरणा. तुम्ही?"

"डॉक्टर बिभीषण. घाबरू नका, घर फोडायला नाही, बॉन्ड फेडायला आलोय. सरकारी कॉलेजात शिकलो ना — एक वर्ष खेड्यात."

मला हसू आलं. आमच्या गावात दोन वर्षं डॉक्टर नव्हता.

माझा सोमवार असला की तेही चहा घेत नसत. कुणाचं बाळंतपण करताना मला घाम फुटला की पाय लांबवून पंखा माझ्याकडं वळवत. आणि रोज एकदा म्हणत, "तुम्ही नुसतं 'थांबा' म्हणा, वर्ष संपलं तरी हलणार नाही."

गोजरबाई, आमची जुनी दाई, हसायची. "म्हण की गं! गावाला डॉक्टर व्हईल, तुला नवरा."

"मावशी, काहीतरीच..."

पण मी नेमाची बाई. त्यांनी बोललेला शब्द म्हणजे संकल्पच, असं धरून चालले.

वर्ष संपलं. त्यांना पुण्यात एमडीला जागा मिळाली. गाडी दाराशी आली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर... थांबा."

ते हसले. मग माझा चेहरा पाहून हसू विरलं.

"प्रेरणा, ते मी गमतीत... पण आवडतेस तू मला. खरंच. चल ना माझ्याबरोबर."

"आणि इथं?"

"दुसरा येईल कुणी."

"दोन वर्षं आला नव्हता."

"मग मीच का? साधं रक्त तपासायला पेशंट पाचोडला धाडतो मी. इथं राहून शिकलेलंही विसरेन."

खोटं नव्हतं ते. मी त्यांची सुटकेस उचलून गाडीत ठेवली.

गाडीची धूळ बसली नव्हती, तोच रिक्षातून गावातल्या आवडाबाईची सून बाळंतकळांनी कण्हत उतरली. गोजरबाईनं आत डोकावलं. "डॉक्टर?"

"गेले."

मी हातमोजे चढवले, तपासलं. बाळ पायाळू. सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

"मावशी," मी म्हणाले, "अँब्युलन्सला फोन लावा. आणि तिचा हात धरून बसा. यायला पाऊण तास लागंल."